संमती आहे असे मानण्यात येईल

चिकपेट, बंगळूर
२ मार्च १९५८

तीर्थरूप गुंडोमामांस,
प्रेमाचा साष्टांग नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे, नळाला दोन वेळा पाणी येतं, आणि मी लग्न करते आहे. पहिल्या दोन बातम्यांच्या मागून तिसरी हळूच आत शिरेल असं वाटलं होतं, पण कागदावर तसं काही दिसत नाही.

मुलाचं नाव सुधींद्र. आमच्याच कचेरीत वरच्या मजल्यावर नकाशे काढतात. कानडी आहेत. आता तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसाल, म्हणून पुढचं मोठ्या अक्षरात लिहिते: माणूस चांगला आहे. मराठी शिकतायत. परवा आमच्या घरमालकीणबाई चंपाक्कांना म्हणाले, "तुम्ही फार जुन्या आहात." घराणं जुनं आहे असं म्हणायचं होतं. चंपाक्कांनी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही. त्यांचे यजमान उमाजीअण्णा कापडाचे व्यापारी. यांचे पूर्वज कधी काळी साताऱ्याकडून इकडे आले, आणि अजून हे लोक "गावाकडं" म्हणून साताऱ्याच्या दिशेने बोट दाखवतात. त्या दिशेला इथे पिठाची गिरणी आहे.

लग्न ११ मेला. बसवनगुडीत छत्र घेतलं आहे, म्हणजे आपल्याकडचं कार्यालय. बाबा गेले, आई गेली, आता माझं वडीलधारं माणूस तुम्हीच. मुलीला मांडवात मामाने आणायचं असतं, तेव्हा तुमच्याशिवाय माझं पाऊल उचलणार नाही.

तुम्हाला पत्रोत्तराचा आळस. माझ्या दिवाळीच्या पत्राचं उत्तर संक्रांतीला आलं. म्हणून आमच्या कचेरीची पद्धत वापरते: मार्चअखेरपर्यंत आपला आक्षेप न आल्यास आपली संमती आहे असे मानण्यात येईल. इंग्रजीत 'शॅल बी डीम्ड टु हॅव कन्सेंटेड'. हे वाक्य मी रोज टाइप करते, त्याने भलेभले गप्प बसतात.

ठकूमामीला नमस्कार.
तुमची प्रेमा

*

बेळगाव
६ एप्रिल १९५८

प्रेमास,
आशीर्वाद आहेत, पण ते शेवटी.

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून मी चार मसुदे केले. पहिल्यात राग फार होता. दुसऱ्यात उपदेश फार होता. तिसऱ्यात मुलाची चौकशी होती, ती मला कमीपणाची वाटली. चौथा बरा जमला होता, तो तुझ्या मामीने शेगडी पेटवायला घेतला. तेवढ्यात मार्च संपला आणि मी संमती दिली. ही गोष्ट मला कळवायलाही कोणी आलं नाही.

मी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. 'डीम' हे क्रियापद मुलांना कधी शिकवलं नाही, कारण सभ्य घरात ते लागत नाही. 'थिंक' म्हणजे विचार करणे. 'कन्सिडर' म्हणजे विचार करतोय असं दाखवणे. 'बिलीव्ह' म्हणजे विचार न करता मान्य करणे. आणि 'डीम' म्हणजे एखादी गोष्ट खरी नाही हे सगळ्यांना ठाऊक असताना, वर शिक्का मारून, ती खरी असल्यासारखं वागणे. उद्या म्युनिसिपालिटीने ठरवलं की म्हैस ही सायकल आहे असे मानावे, तर शेजारच्या मल्लाप्पाला म्हशीला दिवा आणि घंटी लावावी लागेल. म्हैस आपली दूधच देईल.

या क्रियापदाचा मला स्वतःला अनुभव आहे. छप्पन सालच्या ऑक्टोबरात मी एका रात्री मुंबई राज्यात झोपलो आणि सकाळी म्हैसूर राज्यात उठलो. खाट तीच, ढेकूण तेच. मला कोणी विचारलं का? माझंही मत मानण्यात आलं. तुझीही बदली त्याच वावटळीत बंगळूरला झाली. सरकारचं एक वेळ ठीक आहे. सरकारला मी मांडीवर खेळवलेलं नाही.

आपल्या लोकांनाही हे खूळ जुनंच. भाऊ नसलेल्या बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. मानला चंद्र भाऊ, बरं. पण तो चंद्र कधी बहिणीच्या दुखण्याला धावून आला? भाचीच्या लग्नात उभा राहिला? मानण्याचं सगळं असंच असतं.

मुलगा कानडी आहे याला माझी हरकत नाही. म्हणजे आहे, पण ती दुसऱ्या नंबरची. पहिली हरकत ही की तू मला विचारलं नाहीस, तारीख कळवलीस. सबब मी लग्नाला येणार नाही. मांडवात कोणाच्या हाताला धरून जायचं ते तुझ्या टाइपरायटरला विचार.

आशीर्वाद. शेवटी देईन म्हटलं होतं म्हणून.
गुंडोमामा

*

चिकपेट, बंगळूर
११ एप्रिल १९५८

तीर्थरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

आशीर्वाद पोचले. इतके शेवटी होते की पाकिटाच्या डिंकाला चिकटले होते.

म्हशीचं मला पटलं. कचेरीत सगळ्यांना सांगितलं. आमचे हेडक्लार्क देवाप्पा हसले आणि मग म्हणाले की तुमच्या मामांचं अर्धंच बरोबर आहे. हेच देवाप्पा मागे सरकारी कामाला मंगळूरला गेले होते. येताना बस घाटात बंद पडली आणि हे दोन दिवस रस्त्याकडेला केळी खात बसले. कचेरीने ठरवलं की या काळात ते कामावर होते असे मानावे. ते कामावर होते हे खोटंच. पण कामावर नव्हते म्हणून पगार कापणं हे त्याहून मोठं खोटं झालं असतं, कारण माणूस गेला होता कामालाच. मोठं खोटं टाळायला लहान खोटं चालवून घ्यायचं, त्याला डीम म्हणतात. म्हशीची सायकल करणारे निराळे, त्यांना आमच्याकडे वरिष्ठ म्हणतात.

आता खरी अडचण ऐका. काल सुधींद्रांच्या आई मला बघायला आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "सोदरमाव यारु?" मुलीचा मामा कोण. त्यांच्याकडेही मुलीला मामाच मांडवात आणतो, आणि तो नसेल तर लोक भलभलत्या शंका काढतात. मी सांगितलं, बेळगावला असतात, मास्तर आहेत, नक्की येणार आहेत. हे मी तुमचं पत्र वाचल्यानंतर सांगितलं, म्हणजे पुन्हा डीमच केलं.

त्या गेल्यावर मी जिन्यात बसून रडले. उमाजीअण्णांनी पाहिलं. ते म्हणाले, "अक्का, रडू नको की. मास्तर नाय आले तर मी स्वल्प उभा राहतो. मानलेला मामा. सरी?" आतून चंपाक्का ओरडल्या, "स्वल्प काय म्हून? राहायचं तर पुरता उभा राहा." अण्णांनी लगेच पेटीतला जरीचा फेटा काढून उन्हात टाकला. त्यांना नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

पत्रावरून तुम्हाला वाटेल की मला या सगळ्याचं हसू येतंय. येत नाही. मला तुम्ही हवे आहात.

तुमची प्रेमा

*

बेळगाव
१६ एप्रिल १९५८

प्रेमास,

कोण हा उमाजी?

त्याने तुला कधी पाहिलं, दोन वर्षांपूर्वी? तुला टायफॉइड झाला तेव्हा तुझ्या उशाशी उमाजी बसला होता? तू मॅट्रिकला गणितात गटांगळ्या खात होतीस तेव्हा तुझ्याबरोबर पहाटे उमाजी उठत होता? तुला सायकल शिकवताना मारुतीच्या देवळाच्या पायरीवर उमाजीचा दात पडला? तो दात अजून माझ्या तोंडात नाही. मटार खाताना रोज तुझी आठवण येते.

कापड मोजायच्या गजाने नाती मोजता येत नाहीत. फेटा उन्हात टाकला म्हणजे माणूस मामा होत नाही. मानलेला मामा म्हणजे काय, तर नसलेला मामा. नातं मुळात असावं लागतं. रक्त ते रक्त आणि पाणी ते पाणी, मानल्याने पाण्याचं रक्त होत नाही. एवढं वाक्य त्याला वाचून दाखव, मराठी कळत असेल तर.

मी येणार नाही हे कायम. पण माझ्या जागी तोही उभा राहता कामा नये. जागा रिकामी ठेवावी.

गुंडोमामा

*

बेळगाव
१९ एप्रिल १९५८

चि. प्रेमीस,
मामीचे आशीर्वाद.

हे पत्र मामांना न सांगता लिहिते. ते पोष्टात गेलेत, तुझं पत्र आलंय काय बघायला. पोष्टमन घरी येतो हे त्यांना ठाऊक आहे, तरी जातात.

"रक्त ते रक्त" लिहून पत्र टाकून आले ते तसेच पडवीत बसले. जेवायला उठेनात. मी म्हटलं, काय झालं हो, काय म्हणून असं बसालाय? तर म्हणाले, "ठकू, मी काय लिहून बसलो. आता ती एक ओळ लिहील आणि मी संपलो." कुठली ओळ ते मला सांगावं लागलं नाही.

तुला कोणी सांगितलंय की नाही मला माहीत नाही, म्हणून मी सांगते. ते तुझ्या आईचे सख्खे भाऊ नव्हेत. चुलत नव्हेत, मावस नव्हेत, लांबचेसुद्धा नव्हेत. खानापूरकडच्या खेड्यातून शिकायला आले होते, आई-बाप नव्हते, वार लावून जेवायचे. बुधवारी तुझ्या आजीकडे. तुझी आई तेव्हा परकरात होती. तिला भाऊ नव्हता, दर भाऊबिजेला अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. एका साली भाऊबीज बुधवारी आली. ती तबक घेऊन अंगणात निघाली, तर तुझी आजी म्हणाली, "मान वर करून त्याला काय ओवाळालीस, हा इथं पानावर बसलाय की." तिने ह्यांना ओवाळलं. तेव्हापासून हे भाऊ आणि मग तुझे मामा. चंद्राची नोकरी गुंडूला लागली, असं तुझी आई चेष्टेनं म्हणायची.

म्हणून त्यांना त्या तुझ्या इंग्रजी शब्दाची भीती. आपणच पत्रात चंद्राला शिव्या देऊन बसले, आणि आता दारात सायकलची घंटी वाजली की दचकतात. वाटतं, तू विचारशील, उमाजी खोटा तर तुम्ही कोण लागून गेलात? पोरी, तुला राग आला असेल तर दुसरं काय वाटेल ते लिही. म्हातारा म्हण, हट्टी म्हण, मी खाली सही करते. ती ओळ तेवढी लिहू नको.

लोणच्याची बरणी कोणाबरोबर तरी पाठवते.
मामी

*

चिकपेट, बंगळूर
२४ एप्रिल १९५८

प्रिय मामी,
नमस्कार.

ती ओळ मला आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. एका मुंजीत बाबांच्या आत्या मामांकडे बोट दाखवून कोणाला तरी म्हणाल्या, "हा कसला मामा, हा वारावरचा पोरगा." मी धावत जाऊन आईला विचारलं. ती पुऱ्या तळत होती. वळली नाही. म्हणाली, "एकदा ओवाळलं की झालं. पुन्हा दिवा जवळ नेऊन तोंड बघायचं नसतं." मग तिने मला एक पुरी दिली आणि विषय संपला.

मामांना सांग, त्यांनी एवढे अर्थ लिहिले, त्यात एक राहिला. बदलीवर इथे आले तेव्हा देवाप्पांनी मला तो पहिल्याच आठवड्यात शिकवला. एखादी गोष्ट डीम केली की तिच्याविरुद्ध पुरावा घ्यायचा नाही. कोणी कागद घेऊन आलंच, की साहेब, खरं तर असं नव्हतं, तर त्याला बसवायचं, कॉफी पाजायची आणि कागद त्याच्या हातात परत द्यायचा. देवाप्पा घाटात केळी खात होते हे साऱ्या कचेरीला ठाऊक आहे. ते तेव्हा कामावर नव्हते असं म्हणायची आज कोणाची टाप नाही.

मामांना वाटत असेल, प्रत्येक पत्रात ती ओळ माझ्या पेनाच्या टोकाशी आली आणि मी ती दयेने गिळली. तसं नाही गं. ती आलीच नाही. मला ते आठवतच नाही, कोणीतरी आठवण करून द्यावी लागते. दात आठवतो. पायरीवर सांडलेलं रक्त आठवतं, आणि तोंडाला रुमाल धरून मामा म्हणत होते, "ब्रेक दाब, प्रेमा, ब्रेक," तेही आठवतं. रक्ताचं नातं म्हणतात ते आणखी काय असतं मला माहीत नाही.

एका बाबतीत मात्र ते बरोबर आहेत. आजीने म्हटलं खरं, पण मामा पानावरून उठून गेले असते तर ओवाळणं झालं नसतं. ते बसले. माझ्या पत्रात मी त्यांना बसायला जागाच ठेवली नाही, सरळ तारीख घातली. सरकारने त्यांच्याशी केलं तेच मी केलं, आणि वर थट्टा केली. तेव्हा ते वाक्य मी मागे घेते. त्यांची संमती मी मानत नाही, मागते. नाही म्हणाले तर नाही.

उमाजीअण्णांच्या फेट्याला इस्त्री झाली आहे. सुधींद्रांच्या आईला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. हे पत्र मामांच्या हाती लागू देऊ नकोस, कुठेतरी लपव.

तुझी प्रेमी

*

बेळगाव
१ मे १९५८

चि. प्रेमास,
अनेक आशीर्वाद. या खेपेस सुरुवातीलाच.

तुझं मामीला आलेलं पत्र मला पिठाच्या डब्यात सापडलं. आमच्या घरात पीठ मी चाळतो, हे तिला पुरतं ठाऊक आहे. तेव्हा तिने ते लपवले होते असे मानण्यात येत आहे.

तू लिहिलेला अर्थ माझ्या डिक्शनरीत नाही. दोनच ओळी आहेत, दोन्ही कोरड्या. मी तो समासात लिहून ठेवला, शाईने. देवाप्पांना माझा नमस्कार सांग. केळी खाणाऱ्या माणसाकडून इंग्रजी शिकायची पाळी येईल असं मला वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मामीलाही ठाऊक नाही, ती तुला सांगतो. त्या बुधवारी माझ्या अंगात दुसऱ्याचा सदरा होता आणि पोटात भूक होती. तुझ्या आईने ओवाळलं. ओवाळणी घालायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी पानातला बेसनाचा लाडू उचलून तबकात ठेवला. तो त्यांचाच लाडू. तुझी आजी हसली. तुझी आई हसली नाही. तिने तो लाडू माझ्यासमोर बसून सबंध खाल्ला, आणि मग म्हणाली, "गुंडूदादा, आता तुझं पान वाढते." त्याआधी मला त्या गावात कोणी दादा म्हटलं नव्हतं. ती जाईपर्यंत मी दर भाऊबिजेला तिला ओवाळणी घातली, साड्या घातल्या, एकदा कानातलंही घातलं, पण तो लाडू काही फिटला नाही. या विषयावर यापुढे पत्रव्यवहार नको.

संमती आहे. मानलेली नव्हे, मागितलेली आणि दिलेली.

जावयाला सांग, मराठी सुधारा, पण फार नको, नाहीतर माझ्याशी वाद घालाल. चंपाक्कांना "जुन्या" म्हणाला ते मला आवडलं. त्या उमाजीला फेटा उतरवायला लावू नकोस. माणसाने एवढी इस्त्री केली आहे. मुलीला एकाच्या जागी दोन मामा असले तर बिघडत नाही, एक चंद्र आणि एक चिकपेटचा. फोटोत मात्र तो माझ्या डाव्या हाताला उभा राहील. पडलेला दात त्याच बाजूचा, ती फट त्याच्या फेट्याआड झाकेल.

सुधींद्रांच्या आईंना सांग, सोदरमाव येतोय.

तुझा मामा

*

तार
बेळगाव, ८ मे १९५८

मून लीव्हिंग टुनाइट विथ वाइफ अँड पिकल. मीट ट्रेन.